घर बघून आलो, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकूंसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी, तू सांगितलेलं घर काल दुपारी बघून आलो. दोन तास तिथंच होतो. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

घर सांगलीतच विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूच्या आतल्या गल्लीत. जागा चार गुंठे, म्हणजे ४,३५६ चौरस फूट. बांधकाम अकराशेच्या आसपास, लोडबेअरिंगचं, म्हणजे सगळा भार भिंतींवर, भिंती जाडजूड. जिन्याजवळ गच्ची गळते, तो खर्च धरून ठेव. बोअरचं पाणी जड आहे, त्यात डाळ शिजत नाही. प्यायला नळाचंच.

पण मी आधी बघितलं ते जोतं. रस्त्यापासून चांगल्या चार पायऱ्या वर आहे. शेजारच्या आजोबांना विचारलं, २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? म्हणाले, "इथं पाणी नाही आलं, माणसं आली." नदीकाठच्या गावभागातली दोन कुटुंबं आठ दिवस त्यांच्याकडं राहिली होती.

मला तुमचं घर आठवलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. ओसरल्यावर आपण दोघांनी फावड्यानं चिखल ओढला होता. काकूंच्या डब्यातली वर्षाची हळद भिजून दगड झाली होती. माळ्याखालची ती पिवळट रेघ अजून आहे बघ, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते. २०२१ ला परत तेच झालं. काकू तोंडानं म्हणतात, कृष्णामाई भेटायला येते. पण जुलै लागला की रात्री अकराला मला फोन येतो, "आयर्विनला किती फूट झालं रे?" तू पुण्यात असतोस, तुला काळजी नको म्हणून त्या तुला विचारत नाहीत. मला मात्र हे तुला सांगायलाच हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घर घ्यावं. पण कागद पूर्ण झाल्याशिवाय विसार द्यायचा नाही.

मालक म्हणतात, वडिलांच्या पश्चात घर दोघा भावांचं. वारस नोंदीत मात्र बहिणीचंही नाव आहे. मध्यस्थ म्हणाला, "ती काही मागत नाही." न मागणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. तिनं रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर तिघांच्या सह्या व्हाव्यात आणि तिचा हिस्सा तिच्या हातात पडावा. कुणा बाईला डावलून घेतलेल्या घरात काकूंना ठेवायचं, हे तुलाही चालणार नाही. बाकी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, वकिलांकडून काढून घेऊ. चतुःसीमा मी कागद हातात घेऊन फिरून ताडून बघितल्या. पश्चिमेचं कुंपण हातभर आत वाटतं, त्यामुळं मोजणी मागवू.

गल्ली शांत आहे. कोपऱ्यावर किराणा, पलीकडं दवाखाना, मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू येते. मागं शेवगा आहे आणि विहिरीच्या कठड्यालगत पारिजात. काकूंच्या परसात होता तसाच, पुरात कुजला तो.

शनिवारी ये. काकूंना घर घ्यायचं म्हणून सांगू नकोस, नुसतं फिरायला म्हणून आण. मी किल्ली मागून ठेवतो. सकाळी लवकर या, फुलं पडलेली असतात तेव्हा.

तुझाच,
सांगलीकर मित्र