जंताचं औषध दिलेल्या कोंबडीची अंडी खाऊ नका, हे सांगणार कोण?

माननीय संपादक,

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितेय, जुलैमध्ये लिहून काही उपयोग नाही. घणसोली गावात आमच्या घरामागे सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, खुराडं सासूबाईंच्या वेळेपासून त्याच जागी. अशी घरं आमच्याकडे, तळवली गोठिवलीला, तिकडे ठाण्याला बाळकुम कोलशेतला अजून बरीच आहेत, टॉवर आले म्हणून गल्लीतल्या कोंबड्या काही गेल्या नाहीत.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या कोंबड्या वाळायला लागल्या. खायच्या पोटभर पण छाती चाचपली की हाड हाताला लागायचं, तुरे फिके पडले, अंडी तर जवळजवळ बंदच. आधी मानमोडी वाटली पण मान कोणाचीच वाकडी नव्हती. मग एक दिवस तांबडी गेली. सासूबाईंनी तिचं आतडं उघडून बघितलं तर आत शेवयांचा गुंता असावा तसे पांढरे, बोटाएवढे लांब जंत. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

जवळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात गेले तर कोंबड्या बघत नाही म्हणाले, कुत्रा मांजर असेल तर आणा. दुकानदाराने पोल्ट्रीवाल्यांची मोठी बाटली दिली, पाण्यात टाका म्हणाला, किती विचारलं तर अंदाजाने. आता सात कोंबड्यांना अंदाज म्हणजे किती हो? आणि पाण्यात घातलं की दांडगी असते ती जास्त पिते, जी आजारी होऊन कोपऱ्यात बसलीय तिच्या पोटात थेंबही जात नाही. आमच्या गल्लीत काहीजण घरातली माणसांची जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी मोडून भातात कालवतात. या जंताच्या औषधाचं अल्बेंडाझोल नाव सगळीकडे एकच, पण कोंबडीच्या अडीच टक्क्याच्या औषधात एका एमएलला २५ मिलिग्रॅम असतं, लहान मुलांच्या सिरपमध्ये एका एमएलला ४०, आणि गोळीचा पाव तुकडा म्हणजे सरळ १००. दीड किलोच्या कोंबडीला यातलं काय आणि किती, हे वजन केल्याशिवाय ठरतच नाही.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मी त्या बाटलीतलं औषध पाण्यात घालून दिलं, कोंबड्या जरा सुधारल्या, चार दिवसात परत अंडी आली आणि मी ती अंडी शेजारच्या ताईला नेऊन दिली. तिला तिसरा महिना लागला होता आणि आमच्याकडे अशा वेळी गावठी अंडी द्यायचीच पद्धत आहे. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून ठरलेले दिवस अंडी टाकून द्यायची असतात हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही. बाटलीवर बारीक इंग्रजीत असेल तर ते मला कळलं नाही. अल्बेंडाझोल गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यात बाईला डॉक्टर देत नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन तिला खरं सांगितलं. तिचं बाळ चांगलं झालं, पण म्हणून माझी चूक लहान होत नाही.

हे सगळं मला ठाण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी विष्ठा डबीत मागवली, मिठाच्या दाट पाण्यात ढवळली, वर तरंगून आलेली जंतांची अंडी मला मायक्रोस्कोपमधून दाखवली. प्रत्येकीचं वजन करून सिरिंजने थेंब थेंब चोचीत कसं सोडायचं ते शिकवलं, परत कधी द्यायचं ते लिहून दिलं. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, ते मुंग्या भुंगेरे खाल्ल्याने होतात आणि त्यांना पायपराझिन हे जंताचं औषध लागूच पडत नाही. रक्त दिसलं तर बहुतेक रक्ती हगवण, ते जंत नव्हेतच, त्याला औषधही वेगळं. आम्ही मात्र सगळ्याला एकच बाटली देत होतो.

आणि जागा. ओल्या सावलीच्या मातीत जंतांची ही अंडी महिनोन महिने टिकतात, गरम दमट हवेत दोन तीन आठवड्यात परत लागण करायला तयार होतात. त्यात पावसात गांडुळं वर येतात, कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडतात आणि काही जंतांची अंडी गांडुळातूनच पोटात जातात. आम्ही यंदा वरची वीतभर माती काढली, खुराडं ऊन लागतं त्या बाजूला सरकवलं, खाली कोरडा भुसा टाकतो आणि ओला झाला की लगेच बदलतो.

मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे, शिकलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. माझं म्हणणं एवढंच की महापालिकांनी ठाणे आणि नवी मुंबईत आठवड्यातला एक दिवस तरी कोंबड्यांची विष्ठा तपासायची सोय करावी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. पाच दहा पक्ष्यांपुरतं औषध मोजून मिळावं. आणि बाटली देताना दुकानदाराने अंडी किती दिवस खायची नाहीत ते मराठीत कागदावर लिहून द्यावं, घरात कोणी गरोदर आहे का ते विचारावं. मी आता औषधाच्या दिवसापासून कॅलेंडरवर फुल्या मारते आणि फुल्या संपेपर्यंतची अंडी खड्ड्यात पुरते, शेजाऱ्यांनी मागितली तरी देत नाही.

– एक वाचक, घणसोली गाव, नवी मुंबई