कापड थांबतं, रोप थांबत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘दिवसभर काम होतं, पण हातून काही घडत नाही’ हे वाक्य मनातून जाईना. शेवटी तू विचारलंयस की शिवण शिकू की कुंड्या लावू, कारण जागा एका खिडकीपुरती आणि वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळणारा. माझं म्हणणं, दोन्ही धर, आणि एकदमच धर.

या दोघांचा स्वभाव एकमेकांना पुरा पडणारा आहे. टीप अर्ध्यावर सोडून तू उठलास आणि महिनाभर फिरकला नाहीस, तरी कापड तिथंच, तसंच पडून राहतं. रोप मात्र थांबत नाही. ते रोज काहीतरी मागतं, पण मागतं थोडंच: बोट मातीत खुपसून ओल बघणं, एखादं पिवळं पान खुडणं, कुंडी जरा फिरवणं. मोकळी दुपार मिळाली की शिवण, आणि नाही मिळाली तरी सकाळची पाच मिनिटं रोपांची. कामाच्या आठवड्यात मला याच पाच मिनिटांनी धरून ठेवलंय, म्हणून इतक्या आग्रहानं सांगतोय.

सुरुवात मोठ्या कपड्यानं करू नकोस. सदऱ्याचा मुंढा आणि कॉलर नवख्याचा धीर खचवतात. पहिली वस्तू म्हणून रोपासाठी कापडी पिशवीच शीव. प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भिंतीला टेकली की वळतात आणि गोल गोल फिरत राहतात. कापडाच्या पिशवीत मुळाचं टोक कडेच्या हवेपर्यंत आलं की सुकतं, आणि मागून नवे फाटे फुटतात. मातीभर बारीक मुळांचं दाट जाळं होतं, आणि रोपाला तेच हवं असतं.

माप असं घे. 25 सेंटीमीटर व्यास आणि तेवढीच उंची धरली तर साधारण 12 लिटर माती बसते. पुदिना, मिरची किंवा पालेभाजी यांना ती पुरे. कडेच्या पट्टीची लांबी परिघाएवढी, म्हणजे 78.5 सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटीमीटर माया (टिपेबाहेर सोडायचं जादा कापड). रुंदीत 25 सेंटीमीटर उंची, खाली दीड सेंटीमीटर माया आणि वर दुमडायला 4 सेंटीमीटर. तळाचं वर्तुळ 28 सेंटीमीटर व्यासाचं काप. आधी पट्टीची दोन टोकं जोडून नळी कर. मग नळीचे आणि वर्तुळाचे चार-चार समान भाग खडूनं खुणावून घे, खुणेला खूण टाचणीनं जुळव, आणि नळीच्या खालच्या मायेत थोड्या थोड्या अंतरावर छोटे काप दे. टिपेच्या रेषेपर्यंत ते जाऊ देऊ नकोस. सरळ कड वर्तुळावर बसते ती या कापांमुळे. गोल शिवण पहिल्यांदा अशी जमली की हाताला जो विश्वास येतो, तो पुढे बाही लावताना उपयोगी पडतो.

मशीन नसेल तर अडू नकोस. जाड सुई घेऊन उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन) घातली तर हातची शिवणही भार पेलते, वेळ तेवढा लागतो. मशीन असेल तर जाड कापडाला 100 नंबरची सुई लाव (पाकिटावर 100/16 असं लिहिलेलं असतं, 100 म्हणजे सुईची जाडी 1 मिलिमीटर). दोरा पॉलिएस्टरचा घे, सुती दोरा ओल्या मातीत कुजतो. हेच कापडाचंही: जुन्या जीन्सची पिशवी देखणी होते, पण कधी ना कधी विरते. मला ते चालतं, नवी शिवायला निमित्त मिळतं. आणि शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होऊ लागलं, तर बॉबिनशी (खालच्या दोऱ्याच्या रिळाशी) झटापट करू नकोस. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, वर उचलून तो पुन्हा ओव. ती खाली असताना वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही.

आता माती. तळाला खडे घालावेत असं तुला बरेच जण सांगतील. घालू नकोस. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही, त्या थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे मुळांना मिळणारी कोरडी, मोकळी माती उलट कमी होते. माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट यांचं हलकं मिश्रण पिशवीभर घाल. भिजलेल्या पिशवीचं वजन 10 किलोच्या पुढे जातं, म्हणून शिवतानाच दोन पट्टे लाव आणि उचलण्याआधी कट्टा किती भार घेईल ते बघ. कापडातून पाणी भराभर उडतं, तेव्हा उन्हाळ्यात ओल रोज तपासावी लागेल. पण नुसतं घड्याळ बघून पाणी घालायचं नाही. मुळांना हवाही लागते, आणि सतत चिखलात राहिलेलं रोप गुदमरून जातं.

टोमॅटोचा मोह होईल. त्याला आणि कुठल्याही फळभाजीला दिवसाला निदान 6 तास थेट ऊन हवं. पालेभाजी आणि पुदिना 3-4 तासांवर भागवतात. टोमॅटो लावलाच आणि तुझ्या मजल्यापर्यंत मधमाश्या पोचत नसतील, तर फुलांच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मार. परागकण त्याच फुलात पडतात आणि फळ धरतं. पुदिना मात्र एकटाच लाव, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

वाढत्या रोपाचा शेंडा खुडायला तुझा हात धजावणार नाही, मला माहीत आहे. पण खुड. शेंड्यातून खाली उतरणारा रस बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की पानाच्या बगलेतून दोन फांद्या निघतात. रोप उंच व्हायचं थांबून भरगच्च होतं. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो, कारण रोपाला आकार आपण देतो आणि तो रोपाच्या स्वभावातूनच येतो. कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापलं की असंच होतं. जे कापड उभ्या धाग्यावर फारसं ताणलं जात नाही, ते तिरकं धरलं की अंगाबरोबर वळतं. पिशवीनंतर उरेब पट्टी कापून बघच.

एक काम लगेच कर. सुट्टीच्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर ऊन कधी येतं आणि कधी सरकतं ते लिहून ठेव, कट्ट्याची लांबी-रुंदी मोज, आणि घरात कुठलं जुनं जाड कापड पडलंय ते कळव. त्यावरून मी पिशव्यांची मापं काढून, कागदावर बेतून पाठवतो.

तुझा,
जुना मित्र