आजीने सोडलेलं संत्रं

महाल, नागपूर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर "छान झालं सगळं" एवढंच बोलले. दादाकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, आजूबाजूला पोरांचा गलका असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते घाईत सांगण्यासारखं नाही. म्हणून आज आपल्या घराचं कुलूप उघडून, झोपाळ्यावर बसून लिहिते आहे. खोल्या झाडून काढल्या. तुळस टवटवीत आहे, शेजारच्या काकू रोज पाणी घालतात. थंडी चांगली पडली आहे. आई, तुझी शाल मी पेटीतून काढून घेतली आहे, रागावू नको.

आधी मनातलं सांगते. तुमच्या आधी मी काशीला जाऊन आले, हे मला जाताना टोचलं आणि आल्यावर जास्त टोचतं आहे. आजी म्हणायची, आईबापांना नेल्याशिवाय लेकराने काशी करू नये. आम्ही चौघी मैत्रिणी कॉलेजपासून म्हणत होतो, एकदा कुठेतरी जायचं आणि नुसतं पायी फिरायचं. कोणी म्हणे जयपूर, कोणी लखनौ. शेवटी काशी ठरलं, आणि ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर कामठी रोडवर स्कूटर थांबवलेले बाबाच होते. "हा सात नंबरचा रस्ता, बेटा. इकडे गेलं तर काशी, तिकडे गेलं तर कन्याकुमारी." रस्त्याचे नंबर आता बदलले, पण माझ्या डोक्यात तो अजूनही काशीचाच रस्ता आहे. आम्ही मात्र रेल्वेने गेलो. इटारसी, जबलपूर, सतना, आणि पुढे धुकंच धुकं. सोबत एक पिशवी भरून संत्री नेली होती. घरचं काहीतरी असावं, एवढाच विचार.

तिथे चार दिवस होतो. पहिल्या दिवशी खोलीवरून खूप मनस्ताप झाला. आधी पैसे भरलेली खोली दुसऱ्यालाच देऊन टाकली होती, आणि रात्री दहा वाजता सामान घेऊन आम्ही गल्लीत उभ्या. एका नावाड्याच्या बायकोने आम्हाला ओसरीत बसवलं, चहा दिला, आणि तिच्या नवऱ्याने ओळखीच्या धर्मशाळेत सोय करून दिली. ते पैसे काही परत मिळाले नाहीत. पण त्या बाईचं तोंड मला आयुष्यभर आठवेल.

आता घाटांचं सांगते, कारण आई, तुझी सगळी भीती पायऱ्यांची आहे. अस्सीपासून राजघाटाकडे चालत गेलं तर सगळे मिळून सहा-सात किलोमीटर होतात. घाट चौऱ्याऐंशी म्हणतात. गंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून चालताना ती आपल्या उजव्या हाताला राहते आणि सूर्य तिच्यापलीकडून उगवतो. पलीकडे नुसती वाळू, एक घर नाही. सगळं शहर या एकाच काठावर दाटीवाटीने नदीकडे तोंड करून बसलं आहे. पायऱ्या उंच आहेत, खोटं कशाला सांगू. आपल्या देवघराच्या उंबऱ्याच्या दुप्पट. पण चढ-उतार फक्त गावातून घाटावर येताना आणि परत जाताना लागते. खाली एकदा पोचलं की एका घाटावरून दुसऱ्यावर बराचसा रस्ता सपाट आहे. जिथे गाळ असेल किंवा पाय थकतील तिथे नावेत बसायचं आणि पुढच्या घाटाला उतरायचं. आमच्यातली एक गाळावर घसरली, पाय मुरगळला, तर पुढचे दोन दिवस ती अशीच नावेने येत होती आणि आम्ही काठाने. दर घाटाला तिची वाट बघायची, मग पुढे. खरं सांगते, त्यामुळेच आम्ही नीट बघितलं. ती पडली नसती तर आम्ही धावत सुटलो असतो.

पहाटे अस्सीहून निघालो. हरिश्चंद्र घाट गेला, केदार घाटाचे लाल-पांढरे पट्टे दिसले. मग आपल्या माणसांचे घाट लागायला सुरुवात झाली. अहिल्याबाईंचा घाट आहे. दशाश्वमेध पेशव्यांनी १७४८ साली बांधला. विश्वेश्वराचं देऊळही अहिल्याबाईंनीच १७८० साली पुन्हा उभं केलं, हे तुम्ही आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. मणिकर्णिकेपाशी आम्ही कोणीच बोललो नाही, हात जोडून निघालो. पुढे शिंद्यांचा घाट, तिथे एक अख्खं देऊळ पाण्यात कललेलं उभं आहे. आणि तिथून थोडंसंच पुढे गेलो तर भोसले घाट.

बाबा, तिथे मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. दगडाची उंच भिंत, किल्ल्यासारखी, आणि वर लहान लहान खिडक्या. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला घाट. आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. आपण ज्यांच्या वाड्याच्या बाजूने रोज भाजी आणायला जातो, त्यांनी एवढ्या लांब येऊन गंगेत पाय बुडवायला दगड बसवले. १८५३ साली तिसरे रघूजी गेले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि तरी तो घाट आजही भोसल्यांच्याच नावाने ओळखला जातो. मी पायरीवर हात ठेवला. थंडगार, कडा झिजून गोल झालेल्या. तुमच्या हाताची आठवण झाली.

तिथेच एक आजी बसल्या होत्या. नऊवारी नव्हती, साधी पांढरी साडी. आम्हाला बोलताना ऐकून म्हणाल्या, "कुठल्या गं तुम्ही?" नागपूर म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारी जागा करून दिली. ब्रह्माघाटाकडे त्यांचं घर. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरं कितीतरी पिढ्यांपासून आहेत. त्यांचं मराठी ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे शब्द मी आजीच्याच तोंडून ऐकले आहेत. मध्येच एखादं "हाँ बिटिया" यायचं, मग परत मराठी. काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ कायमचं सोडायचं, ही जुन्या बायकांची रीत. त्यांनी विचारलं, "काय सोडलंस काशीत?"

आई, तुला आठवतं ना? आजी १९७१ साली महालातल्या बायकांबरोबर काशीला गेली आणि तिथे संत्रं सोडून आली. नागपूरच्या बाईने संत्रं सोडायचं! पुढे सव्वीस वर्षं जगली, एक फोड तोंडात घातली नाही. तू हिवाळ्यात अंगणात संत्री सोलायची, तेव्हा ती आपली साल उचलायची, नाकाशी धरून डोळे मिटून बसायची, आणि मग उटण्यासाठी उन्हात वाळत घालायची. मी विचारायचे, "आजी, काहून खात नाही?" तर म्हणायची, "विश्वनाथाकडे ठेवलंय माझं."

मी त्या आजींना ही गोष्ट सांगितली आणि पिशवीतली उरलेली सगळी संत्री त्यांच्या पदरात घातली. त्यांनी एक तिथेच सोललं. सालीचा तो वास आला आणि मला रडू आवरेना. मैत्रिणी पाठीवर हात फिरवत होत्या. त्या आजींनी एक फोड गंगेत सोडली, एक माझ्या हातावर ठेवली. "खा. तिचं तिला पोचलं," म्हणाल्या. मी खाल्ली.

बाबा, पंचगंगा घाटावर तुमची फार आठवण झाली. नाथांनी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले आणि उरलेले काशीत पूर्ण केले, १५७३ साली, हे तुमच्याच पोथीच्या प्रस्तावनेत वाचलं होतं. तुम्ही रोज सकाळी जे वाचता ते तिकडच्या हवेत लिहिलं गेलं. त्याच घाटाच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीराला लागला, अशी गोष्ट तिथले सगळे सांगतात. मी तिथे बसून पाच मिनिटं डोळे मिटले आणि कानांत तुमचाच आवाज होता.

कबीरावरून आठवलं. दुसऱ्या दिवशी मदनपुऱ्याच्या गल्लीत शिरलो. गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आणि आतून आवाज आला. खट्‌-खटाक्, खट्‌-खटाक्. मी थबकलेच. तुम्ही सांगत असता ना, आजोबांचा माग सुरू झाला की घरातली भांडी हलायची. एका म्हाताऱ्या विणकरबाबांनी आत बोलावलं. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, ती सरकेल तशी नक्षी उमटते. आपण ज्याला धोटा म्हणतो त्याला ते ढरकी म्हणतात. कढुआ काम चाललं होतं. त्यात एका बुट्टीचा, म्हणजे नक्षीतल्या एका फुलाचा, धागा त्या बुट्टीपुरताच फिरतो, मागे लोंबता धागा राहत नाही. दिवसभर विणूनही बोटभर-दोन बोटंच कापड पुढे सरकतं, असं ते म्हणाले. माझे आजोबा नागपूरला लुगडी विणायचे, वडील लहानपणी कांड्या भरून द्यायचे, हे सांगितलं तर त्यांनी ढरकी माझ्या हातात दिली. हातात घेतली तर गुळगुळीत आणि उबदार होती. त्यांनी विचारलं, "वालिद साहब हैं?" मी म्हटलं, आहेत. "तो लाइए उनको," म्हणाले. बाबा, मी हो म्हणून आले आहे.

सारनाथलाही गेलो. भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला ती जागा. आमच्यातल्या एकीचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर हजर होते. धमेक स्तूपाभोवती ती एकटीच सावकाश फिरली, आम्ही लांब गवतावर बसून राहिलो. परत आली तेव्हा काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. संध्याकाळी तिने आपल्या आईला फोन लावला आणि अर्धा तास बोलत होती.

खाण्यापिण्याचं जास्त लिहीत नाही, आई लगेच साखरेचं काढेल. पण थंडीत तिथे मलइयो मिळतो, दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. जिभेवर ठेवला की नुसता वास उरतो. तो तुला एकदा चाखवायचाच आहे.

आता मुद्द्याचं. आई, तू म्हणतेस काशी म्हणजे सगळं आवरून झाल्यावर जायची जागा. मला ते आता पटत नाही. आवरून झाल्यावर माणूस गल्लीत फिरत नाही, मागावर हात ठेवत नाही, पायरीवर बसून अनोळखी बाईशी गप्पा मारत नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. दादा सांगत होता, सोसायटीच्या बागेत ते रोज चार फेऱ्या मारतात. काशीत याहून जास्त चालायची गरज नाही. सकाळी दोन-तीन घाट, मग खोलीवर आराम, संध्याकाळी नाव. सगळा दिवस तुमच्या चालीने. होळीच्या आधी जाऊ, तेव्हा धुकं नसतं आणि उन्हाचा तडाखाही नसतो. तुम्ही पुण्याहून इथे या, आठ दिवस आपल्या घरी राहा, मग इथून खालच्या बर्थची तीन तिकिटं काढते. आल्यावर मावंदं याच अंगणात घालू. त्या आजींना मी सांगून ठेवलं आहे.

गंगेचा गडू आणलाय, देवघरात आजीच्या फोटोपाशी ठेवला आहे. पोथीचं वेष्टन फाटलं होतं, नवीन शिवून घेते.

आणि बाबा, तुमची चामडी चप्पल त्या पायऱ्यांवर चालायची नाही. सीताबर्डीला खरबरीत रबरी तळाचे, वजनाला हलके बूट बघून आले आहे. ऑपरेशननंतर पाय थोडा सुजलेला असतो म्हणून जुन्या नंबरावर घेत नाही. दादाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखायला सांगा आणि त्याचा फोटो पाठवा. दोन्ही पायांचा.

तुमची,
धाकटी