बेन, तुम्ही बाबांना शर्ट विचारलात

बेन,

केंद्रात तुम्ही बाबांची देखभाल करता, तुमची भाषा गुजराती; पत्र मात्र मराठीत आहे. बाबाच तुम्हाला वाचून दाखवतील, मध्ये मध्ये माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढतील.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. बाबा मात्र परत आले नव्हते. आधी भ्रम. मध्यरात्री उठून वडोदऱ्याच्या सुरसागर तळ्यावर फिरायला निघायचे, मला आत्या समजायचे. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असं बऱ्याचदा होतं आणि बहुधा ओसरतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंही नाही. भ्रम ओसरला तसे ते गप्प झाले. भिंतीकडे तोंड, ताट तसंच.

वृद्धांच्या आधीच्या केंद्रात म्हणाले, "वय झालंय, असंच चालायचं." बाबांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायचे, त्यांच्याशी नाही. महिन्याच्या फीची आठवण करताना मात्र त्यांचं पूर्ण नाव बरोब्बर घ्यायचे.

मग तुमच्या केंद्रात आलो. एका सकाळी तुम्ही दोन शर्ट हातात धरून विचारलंत, "दादा, आजे कयुं पहेरशो?" (आजोबा, आज कोणता घालाल?) बाबा गप्प. तुम्ही थांबलात. बाहेर बाकीच्या खोल्यांची घंटी वाजत होती, तरी थांबलात. शेवटी त्यांनी चौकड्यांच्या शर्टाकडे बोट केलं. "याचं बटण तुटलंय, लावून देते," तुम्ही म्हणालात. त्यावर बाबा करवादले, "मग आधीच लावायचं ना!"

कित्येक दिवसांनी आलेलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही तक्रारीचं. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

पुढे वाचनात आलं की 1976 साली अमेरिकेत एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात हेच तपासलं होतं. ज्यांना छोटे निर्णय स्वतः घेऊ दिले, सांभाळायला एक रोप दिलं, ती माणसं जास्त सावध, जास्त आनंदी दिसली. तुम्हाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही तर झोपलेल्या माणसाच्या दारावरही टकटक करून आत येता. चांगली शिकली-सवरलेली माणसं जागं असतानाही ते करत नाहीत.

आता बाबा सेव-उसळीत तरी कमी पडली म्हणून भांडतात. सोसा थोडं.

आणि संचालकांना एक विनंती: दिवाळीला बेनना मिठाईचा डबा देता, तो द्याच. पण त्यांच्या लागोपाठच्या रात्रपाळ्या कमी करा आणि पगार वाढवा.

तुमची,
दादांची मुलगी