प्रॅक्टिकल कसं करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की मला एक बापलेक आठवतात. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं सहायक होतो. त्या मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं. दहावीला ८८ टक्के, हवं होतं सायन्स. ऑफिसात एकच प्रश्न आला, "प्रॅक्टिकल कसं करणार?" बाप निरुत्तर. फॉर्मवर सायन्स खोडून आर्ट्स लिहिलं गेलं. डेडस्टॉक रजिस्टर काखेत धरून मी तिथंच उभा होतो. बोललो काहीच नाही.

उत्तर मला रिटायर झाल्यावर नातीच्या पुस्तकात सापडलं. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात वासाचे दर्शक, म्हणजे ॲसिड की अल्कली हे वासावरून सांगणारे पदार्थ, दिलेत: कांदा, व्हॅनिला, लवंगेचं तेल. कांद्याचा वास ॲसिडमध्ये टिकतो, कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीत मरतो. मग टायट्रेशन, म्हणजे कॉस्टिकला पुरेसं ॲसिड किती ते मोजणं, वासावर का होऊ नये? परवानगी काढून एका शनिवारी जुन्या लॅबमध्ये गेलो. बारीक चिरलेला कांदा पातळ कॉस्टिकमध्ये टाकला, डोळ्यांवर रुमाल बांधला. ब्युरेट या मापाच्या काचनळीऐवजी सिरिंज, तिच्या दांड्यावर दर मिलिलिटरला ब्लेडने पाडलेली खाच. नखाला खाच लागली की एक मोजायचा, ॲसिड सोडायचं, फ्लास्क हलवायचा, हाताने वारा घेऊन हुंगायचं. कांद्याचा वास परत आला की थांबायचं. पहिल्या खेपेला दोन मिलिलिटर पुढे गेलो. चौथ्या खेपेला चूक अर्ध्या मिलिलिटरवर आली. (फिनॉल्फ्थॅलीन या नेहमीच्या दर्शकाचा गुलाबी रंग बघून आमची डोळस पोरं याहून जास्त चुकायची. जर्नलमध्ये रीडिंग मात्र नेहमी बरोब्बर!)

थिअरीला रायटर मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. पण प्रॅक्टिकलचा विषय निघाला की सगळं खिडकीमागच्या माणसाच्या मर्जीवर. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम भेदभाव न करता प्रवेश द्या आणि गरजेप्रमाणे सोय करा, असंच सांगतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएस प्रवेशाच्या खटल्यात बजावलं, की अपंगत्वाचे टक्के भरले एवढ्यावरून कुणाला नाकारता येत नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम करू शकेल का, हे तपासा. आमच्या खिडकीवर तपासलं कुणी? दोन मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

बोर्डाने प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाखाली "न दिसणाऱ्यासाठी असं करा" एवढ्या चार ओळी छापाव्यात. जिथे पर्याय नसेल तिथे तसं लिहावं, म्हणजे निदान कळेल. रीडिंग टिपायला एनव्हीडीए आहे. कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि व्हीलचेअरवरच्या मुलासाठी एक टेबल बुटकं करायला सुतार लागतो, शासन निर्णय नव्हे.

ती खाचांची सिरिंज माझ्याकडे आहे. कुठल्याही कॉलेजला हवी असेल तर तशी दुसरी करून देईन. पाच मिनिटांचं काम आहे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज