जोहोरला जायचं तर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे: सिंगापूर-मलेशियामधला पूल एवढासाच, मग पलीकडच्या जोहोर बाहरूला जायला अख्खा दिवस कशाला? मुळात तो पूल नसून दगडांचा बांध आहे, १९२४ साली खुला झालेला, आणि जेमतेम एक किलोमीटरचा. आपला वाशीचा खाडीपूल याहून लांब. वेळ जातो तो दोन्ही टोकांच्या इमिग्रेशनच्या रांगांत.

ठाण्याचा एजंट सिंगापूरचा व्हिसा देईल तेव्हा त्यावर 'मल्टिपल' लिहिलंय का, हे आधी बघा. 'सिंगल' असेल तर जोहोरला जाता येईल, पण परत सिंगापुरात शिरता येणार नाही, आणि तुमचं विमान तर इथूनच सुटणार. मलेशियात भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मात्र मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, जाण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं, आणि परतीसाठी सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पुन्हा नव्यानं. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट खोटी समजा. हे सगळं मी भरेन, तुम्ही फक्त पासपोर्टच्या पहिल्या पानाचे स्पष्ट फोटो पाठवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी.

बसनं जायचं तर सिंगापुरातल्या वुडलँड्सहून ९५० नंबरची किंवा क्रांजीहून १७०. चेकपोस्टला सगळे उतरतात, सामानासकट. पिशवी सीटवर ठेवून उतरलात तर गेलीच, कारण बस थांबत नाही. पासपोर्ट दाखवून खाली आलं की त्याच नंबरच्या पुढच्या बसमध्ये चढायचं, बसचं कार्ड पुन्हा टेकवायचं. बांध ओलांडला की परत उतरणं, परत रांग, जिने. आईच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही.

म्हणून आपण ट्रेननं जाऊ. वुडलँड्स ते जेबी सेंट्रल (जेबी म्हणजे जोहोर बाहरू) पाच मिनिटं, तिकीट ५ सिंगापूर डॉलर. येताना तेच ५ रिंगिटला (मलेशियाचं चलन), म्हणजे बरंच स्वस्त. जाताना दोन्ही देशांचे शिक्के-सोपस्कार वुडलँड्सलाच उरकतात. शनिवार-रविवारची तिकिटं भराभर संपतात, आणि जोहोरची साप्ताहिक सुट्टीही २०२५ पासून शनिवार-रविवार झालीय, त्यामुळे आपण मंगळवार किंवा बुधवार धरू. सकाळी लवकर तिकडून इकडे कामाला येणाऱ्यांची गर्दी, संध्याकाळी तीच उलटी. दहाला निघून चारपर्यंत परत, हे बरं.

स्टेशनातून छताखालूनच सिटी स्क्वेअर मॉलला जाता येतं. पैसे तिथे बदलू. जालान तान हिओक नी गल्लीत लाकडाच्या भट्टीतला केळ्याचा केक मिळतो. काचेचं राजकालीअम्मन मंदिर बघायला टॅक्सी करू.

बाबा, एक अप्रिय गोष्ट. तंबाखूची पुडी ठाण्यालाच ठेवायची, सिंगापुरात खायच्या तंबाखूवर बंदी आहे. बडीशेप घ्या. जोहोरहून च्युइंगमही आणायचं नाही. ४८ तासांच्या आत परतणाऱ्याला १०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या खरेदीवरच कर माफ, दारूवर सवलत नाहीच. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आई, मलेशियाच्या खिडकीवर शिक्का मारला तर तो नीट उमटलाय का, हे बघूनच पुढे हो. आणि रांगेत शिरण्याआधी बाथरूमला जाऊन ये, मध्ये बाहेर पडलं की नंबर जातो.

तुमचा,
बाळू