‘कट’वरच्या (कालव्यावरच्या) काकांना

काका,

इथल्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला नावानं हाक मारतो. तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेले, मी चाळिशीतला, तरी नुसतं नाव. तोंडी ते जमून जातं, मराठीत लिहिताना हात अडखळतो. म्हणून काका. हे पत्र तुम्हाला वाचता यायचं नाही, शनिवारी खडकावर बसून मीच इंग्रजी करून सांगेन. मराठीत लिहायचं कारण वेगळं आहे. पर्थमधली आमची किती तरी माणसं हौसेनं मासेमारीचा रॉड घेतात आणि चार रविवारांत गॅरेजच्या कोपऱ्यात उभा करून ठेवतात. माझाही तिथेच जायचा होता.

मी मालवणकडचा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे लहानपणी वडलांबरोबर गरवायला जायचो. हातात दोरी, टोकाला शिसं आणि गरी, तळाशी सोडायची आणि गप्प बसायचं. त्यामुळे इथे पर्थच्या दक्षिणेला मँड्युराच्या खाडीवर आपल्याला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यातच सहा संध्याकाळी रिकाम्या गेल्या. तळाशी सोडलेलं आमिष केंड माशांनी कुरतडून संपवलं (इथे त्यांना ब्लोई म्हणतात, खादाडपणा तोच). वर कधी काही लागलंच, तर हातात यायचं ते आमिषाला लावलेल्या तारलीचं नुसतं डोकं. मागचा भाग कात्रीनं कापावा तसा साफ गेलेला.

सातव्या संध्याकाळी तुम्ही तुमची बादली उचलून माझ्या शेजारी आलात, ते डोकं हातात घेऊन पाहिलंत आणि ते कापणाऱ्या माशाचं नाव सांगितलंत, ‘टेलर.’ रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, शिंप्याकडे कशाला गेला होतास?

मग तुम्ही मला तीन गळांची साखळी करून दिलीत. पक्कडीनं एका गळाचं नाकं किंचित उघडायचं, त्यात दुसऱ्याचं टोक ओवायचं, नाकं पुन्हा दाबून बंद. मी तारली लावली ती वाकडी. पाण्यातून ओढताना ती पंख्यासारखी गरगरली. तुम्ही काही न बोलता ती काढलीत, वरचा गळ डोळ्यांतून पार केलात आणि उरलेले दोन कुशीत असे रोवलेत की मासा पट्टीसारखा सरळ राहिला. टेलर मागून येतो, शेपटाकडून तोडतो, म्हणून शेवटचा गळ शेपटाजवळ हवा. एवढं साधं होतं! आणि शिसं काढून टाकायचं. हा मासा तळाशी बसून वाट बघत नाही. झुंडीनं वरच्या पाण्यात छोट्या माश्यांमागे धावतो. आमिष हळूहळू ओढत राहायचं. दोरी सोडून गप्प बसायची माझी तीस वर्षांची सवय तुम्ही अर्ध्या तासात मोडलीत.

सूर्य पाण्याला टेकला आणि रॉड वाकला. मासा पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं, पुन्हा उडाला. काठावर घेतल्यावर मी गळ काढायला सरळ बोट तोंडाकडे नेलं. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि तुमच्या अंगठ्यावरचा जुना पांढरा व्रण दाखवलात. मग फडक्यानं मासा धरून पट्टीवर ठेवलात. अठ्ठावीस.

इथे टेलर 30 सेंटीमीटरच्या आतला असेल तर परत सोडावा लागतो. मला माहीत होतं. पण आसपास कुणी नव्हतं, अंधार पडत होता, आणि सात संध्याकाळींची माझी ती एकुलती कमाई होती. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही, रीळ पुसत बसलात. खरं सांगतो, तुम्ही कायदा ऐकवला असता तर मी मासा पिशवीत टाकला असता. मी तो पाण्यात सोडला. त्यावर तुम्ही फक्त थर्मासमधला चहा पुढे केलात. बिनदुधाचा, कडू. आभार मुख्यतः त्या न बोलण्याचे.

नंतरच्या गप्पांत बाकीचं आलं. टेलरची पिल्लं याच शांत पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की समुद्राकडे निघतात. आपण बसतो तो डॉसव्हिलचा कट निसर्गानं केलेला नाही. शेतातलं खत वाहून येऊन खाडी शेवाळानं सडायची, तिचा वास तुम्ही नाक मुरडून सांगितलात. 1994 मध्ये समुद्रापर्यंत हा कालवा काढला, तेव्हा कुठे खारं पाणी आत खेळायला लागलं. आमच्याकडे पावसाळ्यात नदी स्वतःच मुख उघडते, तुमच्याकडे ते खोदावं लागलं, हे ऐकून गंमत वाटली.

पुढच्या महिन्यात एकेचाळीसचा मिळाला. तुम्ही सांगितलं होतं तसा जागच्या जागी कल्ल्यांपाशी कापून रक्त जाऊ दिलं, बर्फात घातला. टेलर लगेच मऊ पडतो, घरी नेऊन बघू म्हणणाऱ्याचा नाही. तेलकट मांस, बांगड्यासारखं. म्हणून आम्ही त्याचं तिखलं केलं, कोकम आणि गावाहून आलेली तिरफळं घालून. तुमच्यासाठी डबा आणला तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून गेली, त्याची माफी. तिरफळ चावायचं नसतं. तुम्ही ते चावलंत, जीभ बधिर झाली, आणि तरी सभ्यपणे ‘इंटरेस्टिंग’ म्हणालात.

तुमची पक्कड अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणतो. डबाही आणतो, तिरफळं आधीच वेचून काढलेला.

तुमचा,
तळाशी दोरी सोडून बसणारा